तीस खोडून साठ

कोर्टात एकतीस वर्षं त्यांना कुणी खऱ्या नावानं हाक मारली नाही. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांसाठी त्या बिनचूकबाई होत्या. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं यावर दोन वकिलांत वाद होता, आणि वकिलांतलाच वाद असल्यामुळे तो कधी निकाली निघाला नाही.

त्यांचं काम लघुलेखनाचं. न्यायाधीश निकाल सांगणार, बाईंची पेन्सिल त्या वाकड्यातिकड्या रेघांच्या लिपीत तो टिपणार, आणि दुपारपर्यंत टाइप केलेले स्वच्छ कागद साहेबांच्या सहीला जाणार. हे झालं दिसणारं काम. न दिसणारं काम वेगळंच होतं. न्यायाधीश झाला तरी माणूसच. सकाळपासून चार खटले ऐकून पाचव्याचा निकाल सांगताना जीभ घसरते. साक्षीदार तिसरा असतो, तोंडातून चौथा निघतो. तारीख बारा असते, साहेब एकवीस म्हणतात. अशा वेळी बाईंच्या कानात चौथा शिरायचा आणि कागदावर तिसरा उतरायचा. पेन्सिल क्षणभरही अडायची नाही. साहेब वाचायचे, मान डोलवायचे, सही करायचे. बाईंनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. भाजी चिरताना आपण किडकी शेंग बाजूला टाकतो, त्याची कुणी दवंडी पिटतं का?

नऊ न्यायाधीश त्यांच्या हाताखालून गेले, असं त्यांचे यजमान म्हणायचे. बाईंना ते बोलणं आवडायचं नाही, पण हसू यायचं. त्या नवांतले थोरले साहेब सर्वांत जास्त काळ, म्हणजे बारा वर्षं होते. बोलायला करडे, डोळ्यांत तेल घालून काम करणारे, आणि त्यांची ख्याती अशी की त्यांचं एकही निकालपत्र दुरुस्तीसाठी परत आलं नाही. निरोपसमारंभात तीन वक्त्यांनी हीच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली. बाई शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. अगदी मनापासून वाजवत होत्या, हे महत्त्वाचं.

यजमान छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या धंद्याचा नियम नेमका उलटा: हस्तलिखितात जे असेल तेच जुळवायचं. लेखकानं गाढवाला शिंगं दिली असली तर शिंगं जुळवायची. वाटल्यास समासात प्रश्नचिन्ह करून विचारायचं, पण हात लावायचा नाही.

"मी लोकांच्या चुका जशाच्या तशा जुळवल्या आणि तू त्या गुपचूप गिळल्यास," ते म्हणायचे. "आपला संसार झाला कसा, हेच नवल आहे."

निवृत्तीनंतर बाईंनी पहिल्या चार दिवसांत घरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याच्या पाटीवरचा टेलिफोन नंबर चुकल्याचं सांगून आल्या. सहाव्या दिवशी यजमानांनी, निव्वळ स्वतःच्या जिवाच्या रक्षणासाठी, वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्यांच्या पुढ्यात ठेवली. वकिली परीक्षा मंडळाला लेखनिक हवे होते.

कायद्याची पदवी मिळाली म्हणजे माणूस वकील झाला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पदवी कॉलेज देतं, परवानगी मंडळ देतं. मंडळाचे पाच पेपर एकाच प्रयत्नात पास व्हावे लागतात, प्रत्येकात शंभरापैकी पन्नास. संधी फक्त चार. तेव्हा कुठे सनद हाती पडते आणि काळा कोट घालून कोर्टापुढे उभं राहता येतं. ज्यांना दिसत नाही किंवा हातानं लिहिता येत नाही, त्यांना मंडळ लेखनिक देतं. उमेदवारानं सांगायचं, लेखनिकानं अक्षरशः उतरवायचं. अर्जात अटी दोनच होत्या: अक्षर सुवाच्य हवं आणि कायद्याची पदवी नको. बाईंनी पदवीपुढे 'नाही' लिहिलं. ते खरंच होतं. एकतीस वर्षं निकालपत्रं टाइप केलेल्या बाईच्या बोटांना किती कायदा ठाऊक असेल, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नव्हता.

त्यांच्या वाट्याला आली ती त्रेचाळीस वर्षांची एक ऑपरेटर.

वकिलांच्या एका मोठ्या ऑफिसात ती बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसत होती. एकोणिसाव्या वर्षी तापात दृष्टी गेली. बोर्ड तिनं बोटांनी पाठ केला, आणि शहरातले निम्मे वकील आवाजानं. नोकरी सांभाळून तिनं पदवी घेतली. पुस्तकं तिच्या भाचीनं मोठ्यानं वाचून टेपवर भरून दिली होती. ही परीक्षा ती चौथ्यांदा देत होती. पहिल्यांदा लेखनिक इतका हळू होता की दोन प्रश्न राहूनच गेले. दुसऱ्या वेळी एका पेपरात सहा गुण कमी पडले. तिसऱ्या वेळी ऐन परीक्षेत कावीळ झाली. आता ही शेवटची. हे सगळं तिनं पहिल्या दिवशी पेपरआधीच्या दहा मिनिटांत, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगून टाकलं.

बाईंनी भीतभीत विचारलं, की एवढा अट्टाहास कशासाठी.

"फोन करणारी माणसं घाबरलेली असतात," ती म्हणाली. "कुणाचं घर जात असतं, कुणाचं मूल. बोलायला लागतात माझ्याशीच. आणि मी म्हणते, थांबा, जोडून देते. बावीस वर्षं मी हेच एक वाक्य म्हणते आहे. एकदा तरी मला म्हणायचंय, बोला, मी ऐकते आहे."

लेखनिकवाल्यांसाठी मंडळानं मोडक्या खुर्च्यांच्या खोलीला लागून असलेली लहानशी खोली दिली होती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, आणि कोपऱ्यात पर्यवेक्षक. हे गृहस्थ एकोणीस वर्षं या कामावर होते. त्यांना जगात एकाच गोष्टीत रस उरला होता: पेपरांच्या गठ्ठ्याला बांधायचा दोरा. तो ते उलगडायचे, मापायचे आणि परत गुंडाळायचे.

बाईंनी प्रश्नपत्रिका वाचून दाखवली. ऑपरेटर म्हणाली, पुन्हा एकदा. बाईंनी पुन्हा वाचली. मग ती पाच मिनिटं दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून गप्प बसली. बाईंना वाटलं, संपलं, हिचं अवसान गळालं. आणि मग ती बोलू लागली.

बाईंनी जन्मभर निकाल ऐकून घेतले होते. साहेब लोक कसे सांगतात हे त्यांना पक्कं माहीत होतं: अर्धं वाक्य, खाकरणं, फाईल चाळणं, ते मागचं खोडा, कुठवर आलो होतो आपण, वाचा पाहू. इथे खोडणं नव्हतं, चाळणं नव्हतं. चाळायला समोर कागदच नव्हता. उत्तर एकसंध बाहेर पडत होतं, परिच्छेदासकट. तासाभरानं ती म्हणाली, "तिसऱ्या पानावर दुसऱ्या परिच्छेदाखाली एक ओळ मोकळी सोडायला सांगितली होती ना, तिथे आता हे घाला." बाईंनी पान उलटलं. ओळ मोकळी होती, आणि जे घालायचं होतं ते तिथे चपखल बसलं. लिहिता लिहिता त्यांचे डोळे भरून आले, आणि उत्तरपत्रिकेवर थेंब पडू नये म्हणून त्यांनी मान तिरकी करून लिहिलं.

घरी येऊन त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, एवढं मोठं डोकं मी आजवर पाहिलं नाही." यजमान म्हणाले, थोरल्या साहेबांचंसुद्धा? बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, त्यांचंसुद्धा.

चार दिवसांत चार पेपर झाले. पाचवा दिवाणी कामकाजाचा. हा तर बाईंचा रोजच्या जेवणातला विषय. पाचव्या दिवशी ऑपरेटरचा आवाज थोडा बसला होता. शेवटच्या प्रश्नात अपिलाचा भाग आला. ती सांगत होती आणि बाई लिहीत होत्या: या हुकुमाविरुद्ध अमुक दिवसांच्या आत अपील दाखल करता येते, मुदत हुकुमाच्या तारखेपासून मोजावी, प्रत मिळण्यास लागलेले दिवस वगळावेत.

दोन ओळी पुढे गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं. ऑपरेटरनं साठ दिवस म्हटलं होतं. कागदावर तीस होतं.

तीसच बरोबर होतं. साठ दिवस दुसऱ्या जातीच्या अपिलाला असतात. बाईंच्या हातानं हे 'तीस' हजार वेळा तरी टाइप केलं असेल. कानानं साठ घेतलं, हातानं तीस दिलं, आणि मध्ये बाईंना कुणी विचारलंच नाही. पेन अडलं नाही. कोर्टात पेन्सिलही कधी अडली नव्हती, म्हणून तर त्या बिनचूकबाई होत्या. इथे त्याच हातानं एका उमेदवाराच्या उत्तरात ढवळाढवळ केली होती. पकडलं गेलं तर पेपर रद्द होणार, आणि पेपर रद्द म्हणजे चौथी संधी रद्द. बावीस वर्षं मातीत जाणार होती, आणि ती बाईंच्या हुशारीनं. हात मात्र पुढचं लिहीत राहिला.

शेवटचा अर्धा तास वाचून दाखवण्याचा. हा मंडळाचा नियमच होता: लेखनिकानं सगळी उत्तरपत्रिका उमेदवाराला वाचून दाखवायची, उमेदवारानं मान्य केली की पर्यवेक्षकानं सही करायची. बाई वाचू लागल्या. पान पुढे सरकत होतं तशी ती ओळ जवळ येत होती. 'साठ' वाचावं की 'तीस', एवढाच प्रश्न होता. तोंडानं साठ म्हटलं असतं तर ऑपरेटर समाधानानं मान हलवती, कागदावर तीस राहतं आणि पुरे गुण पडते. जगात कुणाला कळलं नसतं. एकतीस वर्षांत कुणाला कळलं होतं?

बाईंनी वाचलं, "तीस दिवसांच्या आत."

आवाज त्यांनी अगदी सपाट ठेवला होता. ऑपरेटरनं टेबलावरचा हात उचलला.

"थांबा, बाई. मी काय सांगितलं होतं?"

"साठ."

ऑपरेटरच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय उमटलं ते बाईंनी सगळं पाहिलं. आधी गोंधळ, मग मुदतींचा तक्ता आठवल्याचा प्रकाश.

"तीसच आहे," ती हळू म्हणाली. "आत्ता आठवलं. पण ते मला तुमच्या हातानं आठवून दिलं. खोडा ते. साठ लिहा."

"अहो ताई, ही शेवटची वेळ आहे तुमची."

"म्हणूनच सांगते. साठ लिहा."

कोपऱ्यातले पर्यवेक्षक उठून जवळ आले. त्यांनी दोरा खिशात घातला होता. ते म्हणाले की आपला उजवा कान तसा गेलेलाच आहे, आणि या खोलीत त्यांना पुष्कळदा पुष्कळसं ऐकूच येत नाही. वाईट माणूस नव्हता. सुटकेचं दार उघडून देत होता.

"मग डाव्या कानानं ऐका," ऑपरेटर म्हणाली. "लेखनिकबाईंनी माझं उत्तर दुरुस्त केलं होतं. मी ते मूळपदावर आणते आहे. तुम्हाला जे लिहायचं असेल ते लिहा."

बाईंनी 'तीस'वर आडवी रेघ मारली आणि वर 'साठ' लिहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी समजून उमजून चूक लिहिली. पर्यवेक्षकांनी टेबलाच्या खणातून गैरप्रकार नोंदवायचा अकरा नंबरचा फॉर्म शोधून काढला. एकोणीस वर्षांत तो एकदाही लागला नव्हता, त्यामुळे तो भरायचा कसा हे त्यांनाही माहीत नव्हतं. तिघांनी मिळून तो भरला.

तीन आठवड्यांनी मंडळानं दोघींना बोलावलं. घरून निघताना यजमान बाईंना म्हणाले, जसं झालं तसं सांग, एक खिळाही इकडचा तिकडे करू नकोस.

लांबलचक टेबलामागे पाच जण बसले होते आणि मधल्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून थोरले साहेब. निवृत्तीनंतर त्यांनी मंडळाचं काम घेतलं होतं हे बाईंना ऐकून माहीत होतं, तरी समोर पाहिल्यावर त्यांनी सवयीनं नमस्कार केला. साहेबांनी ओळख दाखवली नाही. खुर्चीत बसल्यावर ते कुणालाच ओळखत नसत, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, की उमेदवाराला मदत करण्याचा तुमचा हेतू होता का.

"नाही, साहेब. सवय होती."

"कसली सवय?"

आता इथे एखादी बाई रडली असती, एखादीनं गुळमुळीत काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. बिनचूकबाईंनी सांगितलं. निकाल सांगताना साक्षीदाराचा नंबर चुकला, तारीख चुकली, मुदत चुकली, तर आपण ती लिहितानाच बरोबर करत होतो. विचारत नव्हतो, सांगत नव्हतो. एकतीस वर्षं. तो हात परीक्षेच्या खोलीत सोबत आला, तो घरी ठेवून यायला हवा होता.

टेबलामागे कुणीतरी खोकलं. थोरल्या साहेबांनी चष्मा काढला. बारा वर्षांत बाईंनी त्यांना कोर्टात चष्मा काढताना पाहिलं नव्हतं.

"माझ्याही निकालांत?"

"हो, साहेब."

"किती वेळा?"

"मोजलं नाही, साहेब."

साहेबांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. बाईंना वाटलं, या माणसाच्या आयुष्यातली एक भिंत आपण पाडली, तीही पाच माणसांसमोर. त्यांना फार वाईट वाटलं. शेवटी साहेबांनी चष्मा घातला आणि मान ऑपरेटरकडे वळवली. बरोबर उत्तर लिहिलेलं असताना तुम्ही ते खोडायला का लावलं, असं त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीचा करडा नव्हता. त्यांना ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

ऑपरेटर उभी राहिली. "साहेब, उद्या माझ्याकडे कुणी आलं आणि मी त्याला साठ दिवस सांगितले, तर त्याचं घर जाईल. तेव्हा बाई माझ्या शेजारी नसणार. मला हे साठ माझ्या नावावरच हवं होतं. आता मी ते जन्मात विसरणार नाही."

त्या खोलीत हजारो उमेदवारांच्या फायली येऊन गेल्या असतील. तरी बाईंना त्या पाचही चेहऱ्यांवर तेच भारावलेपण दिसलं जे पहिल्या पेपराला त्यांना स्वतःला जाणवलं होतं. थोरल्या साहेबांनी तर नकळत मान थोडी खाली झुकवली, वरच्या कोर्टापुढे झुकवतात तशी.

निर्णय दुपारी मिळाला. पेपर आहे तसा, साठ धरून तपासावा. लेखनिकाचं नाव यादीतून काढावं. बाईंना तो सर्वस्वी योग्य वाटला, आणि तसं त्यांनी कारकुनाला सांगितलंही. त्यानं सहीसाठी कागद पुढे सरकवला.

त्या चुकीपायी सहा गुण गेले. पाचव्या पेपरात त्रेपन्न पडले. पन्नास लागत होते.

सनद देण्याच्या दिवशी ऑपरेटरनं बाईंना बोलावून नेलं. भाचीला सुट्टी नव्हती, आणि सनद कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती. बाई म्हणाल्या, मला यादीतून काढलंय. ऑपरेटर म्हणाली, लिहिण्याच्या यादीतून, वाचण्याच्या नाही. दिवाणखान्यासारख्या मोठ्या खोलीत नवे वकील रांगेनं टेबलाशी जात होते. त्यात बाईंच्या यजमानांच्या वयाचा एक गृहस्थही होता. थोरले साहेब प्रत्येकाची सनद समोर घेऊन तिथेच सही करत, तारीख घालत आणि हातात देत. ऑपरेटरनं शपथ पाठच केली होती. सनद घेऊन ती काठी टेकत बाईंजवळ आली आणि दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. नाव, नोंदणीचा नंबर, या व्यक्तीस सर्व न्यायालयांत उभे राहण्याचा अधिकार देण्यात येत आहे, अध्यक्षांची सही. मग तारीख आली. बाईंचा उजवा हात आपोआप पर्सकडे गेला. पर्समध्ये पेन होतं. त्यांनी तो हात डाव्या हातानं धरून ठेवला.

त्यांनी तारीख वाचली, लिहिली होती तशी. मग म्हणाल्या, "ताई, ही कालची आहे."

ऑपरेटर आधी हसली, मग बाईंच्या दंडाला धरून म्हणाली, चला. दोघी पुन्हा टेबलाशी गेल्या. रांग थांबली. थोरल्या साहेबांनी वर पाहिलं.

"साहेब, तारीख चुकली आहे," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं. ते फारसं जड नव्हतं.

साहेबांनी सनद घेतली, तारखेकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्यांनी कालची तारीख एका रेघेनं खोडली, वर आजची घातली आणि दुरुस्तीशेजारी पूर्ण सही केली. सावकाश, अक्षर लावून. मग सनद ऑपरेटरच्या नाही, बाईंच्या हातात दिली आणि विचारलं, आता बरोबर आहे का, बघा.

बाईंनी पाहिलं. बरोबर होतं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ऑपरेटर म्हणाली, कुठे खोडलंय ते दाखवा. बाईंनी तिचं बोट धरून त्या जागी टेकवलं. निबेनं कागद जरा खरवडला होता आणि शाई अजून ओली होती. बोटाला निळा डाग लागला. तो तिनं पुसला नाही.